घोडी घेतली? मग बैलावाणी ठेवू नका

आपल्याकडं कोणी घोडी आणली की पहिलं काम म्हणजे तिला बैलांच्या गोठ्यात बांधायचं अन् बैलाचंच तिच्यापुढं टाकायचं. आम्हीपण तेच केलं होतं. पोळ्याला बैलांना पुरणपोळी चारली, घरच्यांनी मायेनं घोडीलाबी सात-आठ दिल्या, अन् रात्री ती पायानं जमीन उकरायला लागली, सारखी मान वळवून पोटाकडं पाहे, बसे, उठे, लोळे. डॉक्टर आले म्हणून वाचली. ती रात्र आठवली की अजून जीव घाबरते, म्हणून हे लिहून राह्यलो.

मेन गोष्ट पोटाची आहे. बैल रवंथ करते, त्याच्या पोटाचे चार कप्पे. घोड्याचं तसं नाही, जठर अंगाच्या मानानं लहान अन् त्याला उलटी होतच नाही, म्हणजे चुकीचं काही आत गेलं तर वरून निघून मोकळं होत नाही. म्हणून थोडं थोडं, दिवसभर, अन् जास्त करून वाळलेलं गवत. साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज 6-7 किलो सुका चारा धरा, तीन-चार वेळा वाटून. कडबा कुट्टी करून द्या, पण बुरशीचा वास आला तर फेकून द्या, अन् कोवळी हिरवी ज्वारी तं अजिबात नको, तिच्यात विष असते. हरभरा भिजवून दीड-दोन किलोच्या वर नको, तोबी दोन-तीन वेळात. पोतं उघडं राह्यलं अन् घोडीनं पोटभर दाणा खाल्ला तर पोटशूळ तं उठतेच, वरून खुरांच्या आत सूज येऊन जनावर कायमचं लंगडं होऊ शकते. खुराक बदलायचा असंल तर आठ-दहा दिवस घेऊन हळूहळू बदला. कोंबड्यांचं किंवा गायी-म्हशींचं रेडिमेड खाद्य चुकून पण देऊ नका, काहींमध्ये मोनेन्सिन नावाचं औषध असते, घोड्याले ते थोडंसंही जीवघेणं ठरते.

पाणी रोज 30-40 लिटर, उन्हाळ्यात त्याच्याही वर, अन् मिठाचा दगड जवळ ठेवा. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, टिनाचा शेड म्हणजे भट्टीच, वरून तुराट्या-पऱ्हाट्या टाका अन् घोडीला फक्त सकाळी लवकर नाहीतर दिवस मावळल्यावर जुंपा. धापा टाकत असंल तर सावलीत नेऊन सगळ्या अंगावर पाणी ओता, ओतत राहा.

पायांकडं लोक लक्षच देत नाहीत. पावसाळ्यात काळी माती खुरात गच्च भरते, तळव्यातला मधला त्रिकोणी मऊ भाग सडते अन् घाण वास येते. रोज पाय उचलून माती टोकरून काढा, जागा कोरडी ठेवा, अन् नालबंदाला दर 6 ते 8 आठवड्यांनी बोलवा, नाल घासली नसली तरी, कारण खूर वाढतच राहते. रोज खरारा करा, त्यानं अंग तं साफ होतेच, पण कुठं जखम आहे, कुठं सूज आहे ते हाताला लागते. पावसाळ्यात मोठ्या माशा चावतात, त्यांच्यामुळं सर्रा नावाचा रोग होते, ताप येते-जाते, घोडी खंगते, पोटाखाली नाहीतर पायावर सूज येते. तारेच्या कुंपणाची जखम छोटी दिसली तरी धनुर्वाताचं इंजेक्शन द्या, घोड्याले धनुर्वात फार लवकर धरते.

घरी एक थर्मामीटर ठेवाच. गुदद्वारात लावून साधारण 99.5 ते 101.3 फॅरेनहाइट आलं तर नॉर्मल. हिरड्या गुलाबी पाहिजेत, अन् लीद रोज मोजा, कमी झाली की सावध व्हा.

पोटात दुखून राह्यलं वाटलं तर आधी चारा काढून घ्या, मग डॉक्टरला फोन, घोडी चालत असंल तर हळूहळू फिरवा. गावातले म्हणतील बांबूच्या नळीनं तेल पाजा, बैलाले पाजतो तसं. ते करू नका, तेल फुप्फुसात गेलं तर घोडी हातची जाते. ते काम डॉक्टरच नाकातून नळी टाकून करतात. घोड्यावर उपचार करणारा डॉक्टर जवळपास कुठं आहे ते घोडी आणायच्या आधीच शोधून त्यांचा नंबर घ्या, अन् 1962 हा पशुवैद्यकीय हेल्पलाइनचा नंबरपण गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवा.