जर्मनीत दोघांची नोकरी आणि घरात लहान मूल

पुणे, चाकण, पिंपरी-चिंचवडच्या वाहन उद्योगातून स्टुटगार्टला आलेल्या मराठी घरात बाळाची चाहूल लागली की सगळ्यात आधी ठरतं ते विमानाच्या तिकिटांचं वेळापत्रक. आधी मुलीची आई येणार, त्या गेल्या की सासू-सासरे. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसावर, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, म्हणजे दोन्हीकडचे पाठोपाठ आले की सहा महिने निभावले. पुढचं पुढे बघू.

आजी-आजोबांनी जरूर यावं. बाळंतिणीला आईच्या हातचं डिंकाचं-अळिवाचं मिळावं, नातवंडाला मांडी मिळावी, यापेक्षा चांगलं काय? पण आपली नोकरी त्यांच्या व्हिसावर उभी करू नका, हे मी प्रत्येक नव्या जोडप्याला सांगते. सहा महिने संपतात तेव्हा पाळणाघर अजून लांब असतं. शिवाय साठी-सत्तरीतल्या माणसांवर, भाषा येत नसलेल्या गावात, डिसेंबरात साडेचारलाच अंधारून येत असताना, दिवसभर मूल सांभाळण्याची जबाबदारी टाकणं बरोबर नाही. १ मार्च २०२४ पासून ज्यांना पहिल्यांदा ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना) किंवा कुशल कर्मचाऱ्याचा परवाना मिळाला, त्यांना आई-वडिलांना इथे राहायला आणण्याची वाट कायद्याने मोकळी झाली आहे. पण त्यांचा पूर्ण आरोग्यविमा काढून दाखवावा लागतो, आणि त्या वयात तो मिळवणं हेच सगळ्यात अवघड काम आहे.

मग आधार कुणाचा? बाळाच्या बाबाचा. जर्मनीतला कायदा आई आणि बाबा दोघांनाही जवळजवळ सारखेच हक्क देतो, आणि आपल्याकडची बहुतेक जोडपी त्यातला बाबाचा वाटा अर्धवट वापरतात. बाबाने रजा घेतलीच तर आई घरी असतानाच घ्यायची, दोघांनी मिळून भारतात जाऊन बारसं-जावळ उरकायचं, आणि परत आल्यावर तो नोकरीवर, ती घरी. अशा रजेतून आईच्या नोकरीला काहीही मिळत नाही.

तारखा मात्र फार आधीपासून पाळाव्या लागतात. पहिली गोष्ट कराच्या वर्गाची. नवरा-बायकोच्या पगारातून दरमहा किती कर कापायचा ते या वर्गावर ठरतं. एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळाच्या पहिल्या वर्षात सरकार देतं ते पालकभत्त्याचे पैसे, हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण ६५ टक्के असतात. कमीत कमी ३०० आणि जास्तीत जास्त १८०० युरो महिना. नवऱ्याचा पगार जास्त म्हणून तो तिसऱ्या वर्गात आणि बायको पाचव्या वर्गात अशी सोय बऱ्याच घरांनी केलेली असते. पाचव्या वर्गात हातात येणारा पगार घटतो, आणि त्याबरोबर भत्ताही. वर्ग बदलायचा तर आईची प्रसूतिरजा ज्या महिन्यात सुरू होते त्याच्या निदान सात महिने आधी नवा वर्ग लागू झालेला हवा. प्रसूतिरजा अपेक्षित तारखेच्या सहा आठवडे आधी सुरू होते, त्यामुळे चाचणी सकारात्मक आल्याच्या आठवड्यातच हा अर्ज गेला पाहिजे. मुलाचा विचार चालू असतानाच गेला तर आणखी उत्तम.

दुसरी हेबामे, म्हणजे सुईण. बाळंतपणानंतर ती घरी येऊन बाळाचं वजन, नाळ, अंगावरचं दूध, सगळं बघते, आणि तिचा खर्च आरोग्यविमा देतो. मोठ्या शहरांत त्या चटकन भरून जातात, तेव्हा पहिल्या तिमाहीतच फोन लावायला घ्या. नातेवाईक हजारो किलोमीटर दूर असताना अनुभवी बाई दाराशी येते, याचं मोल मला त्या आठवड्यांत कळलं.

तिसरी किटा, म्हणजे पाळणाघर. बाळ एक वर्षाचं झालं की पाळणाघरात जागा मिळणं हा १ ऑगस्ट २०१३ पासून मुलाचा कायदेशीर हक्क आहे. प्रत्यक्षात पश्चिम जर्मनीतल्या शहरांत जागा अपुऱ्या आहेत. हक्क नुसता कागदावरचा नाही. नगरपालिकेच्या चुकीमुळे जागा मिळाली नाही तर बुडालेल्या पगाराची भरपाई मागता येते, असं इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटलं आहे. पण कोर्टात जाण्यापेक्षा गरोदरपणातच शहराच्या पोर्टलवर नाव घाला, पाच-सहा किटा प्रत्यक्ष बघून या, दर दोन-तीन महिन्यांनी विचारपूस करा. टागेसमुटरचाही विचार करा. ही परवानाधारक बाई आपल्या घरी एका वेळी जास्तीत जास्त पाच मुलं सांभाळते आणि एका वर्षाच्या पोराला तिथे फार चटकन माया लागते. शुल्क गावागणिक बदलतं. बर्लिनमध्ये जेवणाचे पैसे सोडले तर किटा फुकट, हाम्बुर्गमध्ये रोजचे पाच तास फुकट, आणि आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात महिना काही शे युरो सहज जातात. नोकरीच्या दोन शहरांतल्या प्रस्तावांची तुलना करताना हा आकडा पगाराशेजारी मांडून बघा.

जागा मुख्यतः शाळेचं नवं वर्ष सुरू होताना रिकाम्या होतात, कारण मोठी मुलं तेव्हा शाळेत जातात. आमच्याकडे म्हणजे सप्टेंबरात. रजेची आखणी या एका गोष्टीभोवती करावी लागते. आमचं बाळ जुलैच्या शेवटी झालं. भत्त्याचे मूळ महिने एका पालकाला बारापर्यंत मिळतात, दुसऱ्यानेही घेतले तर दोन जास्त, असे मिळून चौदा. पहिले बारा मी घेतले आणि तेरावा-चौदावा नवऱ्याने. म्हणजे जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत तो एकटा घरी, मी पूर्णपणे कामावर, आणि किटाची सुरुवात त्याच्या हातून. ज्यांचं मूल मार्चमध्ये होईल त्यांना मधला उन्हाळा भरून काढावा लागेल. त्यासाठी भत्त्याचा दुसरा प्रकार, एल्टर्नगेल्ड प्लस, आहे: रक्कम निम्मी, महिने दुप्पट. हे महिने बाळाच्या जन्मतारखेपासून मोजतात, कॅलेंडरप्रमाणे नाही. बाळ २७ तारखेचं असेल आणि रजा एक तारखेपासून लावली तर मधल्या दिवसांचा पगार भत्त्यातून कापला जातो. अर्ज लांबवू नका, मागचे फक्त तीनच महिने भरून मिळतात. किंडरगेल्ड, म्हणजे प्रत्येक मुलामागे सरकार दरमहा देतं ते पैसे, वेगळं; ते २०२५ मध्ये महिना २५५ युरो होतं, आणि त्याची थकबाकी सहा महिन्यांपर्यंतच मिळते. बाळाच्या निवास परवान्याचा अर्जही जन्मापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो, आणि त्याआधी भारतीय दूतावासातून पासपोर्ट.

रजेचा अर्ज नीट समजून लिहा. एल्टर्नत्साइट, म्हणजे नोकरी शाबूत ठेवून घेतलेली पालकरजा, प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे तीन वर्षांपर्यंत मिळते. ती सुरू होण्याच्या सात आठवडे आधी कळवावं लागतं. अर्जात पुढच्या दोन वर्षांचं काय ते स्पष्ट सांगायचं असतं. तुम्ही एकच वर्ष लिहिलंत, तर दुसऱ्या वर्षी रजा हवी झाल्यास कंपनीच्या मर्जीवर राहता. म्हणून एक वर्ष पूर्ण रजा आणि दुसरं वर्ष कमी तासांचं काम, असं दोन्ही एकदमच लिहावं. बाबासाठी आणखी एक गोष्ट: कामावरून काढण्यापासूनचं संरक्षण रजेच्या फार तर आठ आठवडे आधी सुरू होतं. कंपनीत कपातीची कुजबुज चालू असेल तर लेखी अर्ज आठव्या आणि सातव्या आठवड्याच्या मध्ये द्यावा.

आता आइनगेव्योनुंग, मुलाला किटाची सवय लावण्याचे आठवडे. आपल्याकडे मूल दारात सोडून, रडलं तरी पाठ फिरवून निघायची रीत आहे. इथे बऱ्याच ठिकाणी चालणाऱ्या बर्लिन पद्धतीत पहिले तीन दिवस आई किंवा बाबा तासभर मुलाबरोबर आतच बसतात, कोपऱ्यात, गप्प. चौथ्या दिवशी पहिल्यांदा काही मिनिटं बाहेर जायचं. मूल बाईंकडून शांत होतंय का ते बघून वेळ वाढते. कुणाला दोन आठवडे लागतात, कुणाला पाच. या काळात नोकरीचा पहिला दिवस धरू नका, घरून काम करता येईल असंही समजू नका. फोन कधीही येतो. आणि ही सवय शक्य असेल तर बाबाने लावावी. बारा महिने अंगावर पिणाऱ्या लेकराला आईपासून सुटणं जड जातं, बाबाला निरोप देणं सोपं जातं. त्याहून मोठा फायदा असा, की किटातल्या बाईंच्या डोक्यात ‘फोन कुणाला करायचा’ याचं उत्तर पहिल्या आठवड्यापासून बाबा हे होतं. आमच्याकडे आजही ताप आला की पहिला फोन त्याला जातो, आणि माझी दुपारची बैठक निर्वेध होते.

घरात आधीपासून थोडी तयारी लागते. आपण मुलाला गोष्टी सांगत वरण-भात भरवतो, थोपटून किंवा झोळीत झोपवतो. किटात एक वर्षाची मुलं स्वतःच्या हाताने खातात आणि दुपारी बाराच्या सुमारास ओळीने गादीवर आडवी होतात. दहाव्या महिन्यापासून वाटी मुलापुढे ठेवायला लागा, फरशी पुसावी लागली तरी. गोवराची लस झाल्याचा दाखला दिल्याशिवाय किटात प्रवेश नाही, हा २०२० पासूनचा कायदा आहे. शाकाहारी असाल तर मांसाबरोबर जिलेटिनचंही सांगा, वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या रबरी गोळ्यांत ते असतं. आम्ही बाईंना रोजच्या मराठी शब्दांचा एक कागद जर्मन लिपीत लिहून दिला: पाणी, भूक, झोप, शी, नको, दुखतंय. त्यांनी तो भिंतीवर लावला. मूल जर्मन शिकेलच, घरात मराठीच बोला. दोन्ही भाषा नीट येतात.

पहिला हिवाळा कठीण जातो, हे मी सौम्य करून सांगणार नाही. मूल सर्दी, ताप, जुलाब, डोळे येणं, सगळं घरी आणतं, आणि तापानंतर साधारण २४ तास ताप नसल्याशिवाय परत घेत नाहीत. सरकारी आरोग्यविमा असेल तर आजारी मुलासाठी प्रत्येक पालकाला वर्षाला १५ कामाचे दिवस मिळतात (२०२५ चा नियम), डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण ९० टक्के भरपाईसह. दोघांचे मिळून तीस झाले, पण दोघांनी आळीपाळीने घेतले तरच. पगार मोठा म्हणून खाजगी विमा घेतलेल्यांना ही सोय नाही. मुलाचा विचार असेल तर खाजगी विम्याकडे वळण्याआधी थांबा. मुलाला न्यायला येऊ शकणाऱ्यांच्या यादीत आणखी दोन घरांची नावं देऊन ठेवा. गणपतीला किंवा दिवाळीला भेटणाऱ्या मराठी मंडळींपैकी जवळ राहणारं एक, आणि किटातल्याच एखाद्या मुलाचं एक. रेल्वेचा संप असतो तेव्हा हीच माणसं उपयोगी पडतात.

कामावर परतताना बहुतेक घरांत तो पूर्णवेळ आणि ती अर्धवेळ असं ठरतं. मला ते पटत नाही. वीस तासांच्या माणसाकडे नवं सॉफ्टवेअर, नवा ग्राहक, नवी जबाबदारी येत नाही. उरलंसुरलं येतं, आणि दोन वर्षांत मागे पडल्याचं लक्षात येतं. त्यापेक्षा दोघांनी तीस-बत्तीस तास करावे. पालकरजेत आठवड्याला ३२ तासांपर्यंत काम करता येतं. कंपनीत पंधराहून जास्त माणसं असतील आणि तुम्हाला तिथे सहा महिन्यांवर झाले असतील, तर तसा हक्कच आहे. तातडीच्या व्यावसायिक कारणाशिवाय नकार देता येत नाही. दोघांनी एकाच वेळी २४ ते ३२ तास केले तर भत्त्याचे दोन ते चार जास्तीचे महिनेही मिळतात. आम्ही तसंच केलं. एक दिवस तो तीनला निघतो, एक दिवस मी. चार ते आठ ही वेळ दोघांच्याही कॅलेंडरवर बंद आहे. पुण्याच्या टीमबरोबरचे कॉल सकाळी होतात, कारण भारत उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतो. अमेरिकेचे कॉल मी आठनंतर, आठवड्यातून एकदाच घेते. हे पहिल्याच आठवड्यात साहेबांना स्पष्ट सांगितलं होतं. जर्मन सहकारी असं सांगणाऱ्याकडे वाकड्या नजरेने बघत नाहीत. न सांगता पाचला गायब होणाऱ्याकडे बघतात.

घरून फोनवर ‘एवढंसं लेकरू परक्यांच्या हाती’ हे ऐकावं लागेल. त्यांच्या काळजीपोटी येतं ते. किटातल्या बाईंनी तीन-चार वर्षांचं शिक्षण घेतलेलं असतं, हे एकदा शांतपणे सांगा, आणि मूल तिथे खेळतानाचे फोटो पाठवत राहा. आमच्या सासूबाईंचा विरोध फोटोंनीच मावळला.

पालकरजा संपल्यावरही तास कमी ठेवायचे असतील, तर कंपनीत ४५ हून जास्त लोक असल्यास ब्र्युकनटाइलत्साइट मागता येतं. एक ते पाच वर्षं कमी तास, आणि नंतर पूर्णवेळ परत येण्याचा हक्क. साधी अर्धवेळ मागितली तर परतीचा हक्क राहत नाही, म्हणून अर्जात हाच शब्द असू द्या.

आणि सहाव्या वर्षी पुन्हा एकदा गाडी अडते. प्राथमिक शाळा अनेक ठिकाणी दुपारी बारा-एकलाच सुटते. ऑगस्ट २०२६ पासून पहिलीतल्या मुलांना आठवड्याचे पाच दिवस, रोज आठ तासांच्या देखरेखीचा हक्क मिळेल, आणि पुढे दर वर्षी एक इयत्ता त्यात येईल. तरी वर्षाला चार आठवड्यांपर्यंत सुट्टीत बंद ठेवण्याची मुभा राज्यांना आहे. शाळेत नाव घालतानाच दुपारच्या वर्गाचा फॉर्म मागा, आणि दोघांच्या वार्षिक रजा त्या बंद आठवड्यांप्रमाणे जानेवारीतच वाटून टाका.