आधी पूल शोधा, मग रस्ता: तळी आणि जंगलांच्या मुलखातली सायकल टूर

तळ्यांच्या मुलखात नकाशावरचं अंतर फसवं असतं. समजा, दोन गावं समोरासमोरच्या काठांवर आहेत आणि मध्ये पाणी जेमतेम ३ किलोमीटर. रस्त्याने तेच अंतर ३० भरू शकतं, कारण तळं लांबोळकं आणि पूल पार टोकाला. एरवी सरळ रेषेच्या सव्वा ते दीडपट रस्ता धरला तर भागतं. इथे दुपटीची तयारी ठेवावी. म्हणून गावं जोडत बसण्याआधी पाणी कुठे ओलांडता येतं ते शोधा: पूल, बंधारा, दोन तळ्यांमधली चिंचोळी जमीन, फेरीबोट. नकाशावर या जागांना खुणा करा आणि मार्ग त्यांच्यातून ओवा. मुक्काम, किराणा, पाणी हे सगळं त्यानंतर.

फेरीबोट असली की दोन गोष्टी तपासायच्या. ती वर्षभर चालते की फक्त उन्हाळ्यात, आणि शेवटची फेरी किती वाजता. जमेल तर फेरी सकाळच्या टप्प्यात घ्या. संध्याकाळी पाचला धक्क्यावर पोहोचून बोट बंद दिसली तर ३० किलोमीटरचा वळसा अंधारात पडतो. वळशाचा रस्ताही आधीच आखून फोनमध्ये टाकलेला असावा.

तळी कोणत्या दिशेला लांबली आहेत, हेही पाहा. फिनलंडमध्ये ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी १,८७,८८८ तळी मोजली गेली आहेत. तिथली किंवा पोलंडच्या मासुरियातली तळी हिमयुगाची देणगी. फिनलंडच्या तळ्यांच्या पट्ट्यात बर्फ ज्या दिशेने सरकला त्याच दिशेने बरीच तळी लांबलेली दिसतात. त्या दिशेला समांतर गेलात तर रस्ता बऱ्यापैकी सपाट मिळतो. आडवे गेलात तर दर किलोमीटरला एक टेकाड. एकेक चढ १५-२० मीटरचाच, पण असे चाळीस झाले की दिवसाला ६००-८०० मीटरची चढाई होते, आणि सपाट मुलूख म्हणून आलेल्या माणसाचे गुडघे तिसऱ्या दिवशी बोलू लागतात. बर्फाखालून वाहणाऱ्या पाण्याने रचलेले वाळू-गोट्यांचे लांबलचक बांध, ज्यांना एस्कर म्हणतात, हे मात्र सायकलवाल्याला वरदान. त्यांच्या माथ्यावर पाणी साचत नाही आणि रस्ता पक्का राहतो. फिनलंडमधला पुंकाहार्यू असाच: सुमारे ७ किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंना पाणी. असा बांध वाटेत असेल तर थोडा वळसा पडला तरी त्यावरून जावं.

ॲपमधल्या चढ-उताराच्या आलेखावर डोळे झाकून विसंबू नका. उपग्रहाच्या किंवा अवकाशयानाच्या रडारने मोजलेल्या उंचीत बऱ्याचदा झाडांची उंचीही धरलेली असते. रस्ता मोकळ्या शेतातून दाट जंगलात शिरला की प्रत्यक्षात नसलेला चढ आलेखात उगवतो. उलट, उंचीच्या जाळीचे चौकोन मोठे असतील तर खरी छोटी टेकाडं त्यात पुसली जातात. समोच्चरेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा समोर ठेवून रेषा मोजणं हाच खरा उपाय.

आता जंगलातले रस्ते. इथे चुका सर्वांत जास्त होतात. जंगलातले कच्चे रस्ते गावं जोडायला नव्हे, लाकूड बाहेर काढायला केलेले असतात. म्हणून बरेचसे रस्ते ट्रक वळवण्यापुरत्या गोल जागेत संपतात. नकाशावर अशी दोन टोकं समोरासमोर, अवघ्या ४०० मीटरवर दिसतात आणि वाटतं की मध्ये पायवाट असेलच. मध्ये असते दलदल. रस्ता तिथे थांबला त्याचं कारणच मुळी ती. सामानाने भरलेली सायकल असल्या ४०० मीटरला तासभर खाते. उपग्रहाचं चित्रही फार उपयोगी नाही, कारण झाडांच्या छताखालचं काही दिसत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशावर रस्त्याच्या पृष्ठभागाची आणि प्रतीची नोंद पाहा. कच्च्या रस्त्यांना १ ते ५ प्रती दिलेल्या असतात: १ म्हणजे टणक, ५ म्हणजे मऊ माती नाहीतर गवत. सामानासह ३ पर्यंत जावं. ४ वर आदल्या दिवशी पाऊस पडला नसेल तर. ५ चा विचार सोडून द्यावा. आणि सलग १५ किलोमीटरपेक्षा जास्त कच्चा रस्ता असेल तर त्याच्या मधोमध डांबरीकडे निघणारी एक वाट आधीच हेरून ठेवा.

वेगाचा हिशोब साधा आहे. सामानासह डांबरीवर ताशी १५-१७, चांगल्या खडीवर १०-१२, वाळूत ५-६ किलोमीटर. यावरून दिवसाचे तास काढा, नुसते किलोमीटर मोजू नका. मिश्र रस्त्यावर ६० किलोमीटरचा दिवस भरपूर झाला.

टायर ४० ते ४७ मिलिमीटर रुंदीचे असावेत. माणूस ७५ किलोचा, सामान १५ किलोचं आणि टायर ४२ चा असेल तर मागे ४५-५० आणि पुढे ३५-४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ही चांगली सुरुवात. वाळूचा लांब पट्टा आला तर ८-१० पीएसआय कमी करा, डांबरी लागली की परत भरा. हा परत भरण्याचा कंटाळाच नडतो. मऊ टायर खड्ड्याच्या कडेवर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, सापाच्या दंशासारखी. अशी जोडीची भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. वाळूत हलका गिअर, वजन जरा मागे, पायांचा वेग कायम आणि हॅंडल सैल. पुढचं चाक डगमगलं तरी जोराने वळवू नका. वळवलंत की ते रुततं.

गिअरबाबत कंजूसपणा नको. पुढच्या चक्राला २६ दात, मागच्याला ३४ असले की पेडलच्या मिनिटाला ६० फेऱ्यांवर ताशी साधारण ६ किलोमीटरने चढता येतं. त्याहून सावकाश गेलं तर तोल जातो, त्यामुळे खाली उतरून ढकललेलंच बरं.

खडीच्या रस्त्यावर वाहनांमुळे धुण्याच्या फळीसारख्या आडव्या लाटा पडतात. त्या हातांना छळतात ते ठीक, खरा मार बसतो कॅरिअरच्या बोल्टांना. तिथे बहुधा ५ मिलिमीटरचे बोल्ट असतात. निघण्यापूर्वी त्यांना निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा, रोज संध्याकाळी ४ नंबरच्या ॲलन कीने तपासा आणि चार जादा बोल्ट सोबत ठेवा. खालच्या बाजूचा बोल्ट आधी सैल होतो आणि नेमका तोच पॅनिअरच्या, म्हणजे कॅरिअरला लटकवलेल्या बॅगेच्या आड लपलेला असतो, म्हणून बॅगा उतरवल्यावरच पाहा. डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ज्यावर बसतो तो हँगर आपल्याच सायकलच्या मॉडेलचा हवा, दुसऱ्याचा बसत नाही. एक जवळ असू द्या. चेनला कोरड्या हवेत मेणाचं वंगण चांगलं. ओलं तेल वाळू ओढून घेतं आणि चेन-दात दोन्ही घासून काढतं.

लाकडाच्या ट्रकचा आवाज आला की कडेला होऊन थांबा. भरलेला ट्रक खडीवर पटकन थांबू शकत नाही आणि मागे जो धुरळा उडतो त्यात पुढची काही क्षणं समोरचं दिसत नाही. सुटीच्या दिवशी बहुधा हे ट्रक नसतात, तेव्हा लांब जंगलाचा टप्पा त्या दिवशी टाकावा. किराणा मात्र आदल्या दिवशीच घ्या, कारण खेड्यातली दुकानं सुटीला लवकर तरी बंद होतात नाहीतर उघडतच नाहीत.

चारी बाजूंना पाणी असूनही पिण्याचं पाणी मिळेलच असं नाही. गरम, वाऱ्याविना दिवसांत तळ्यावर हिरवट साय किंवा रंग सांडल्यासारखे पट्टे दिसले तर ते निळं-हिरवं शैवाल असू शकतं. त्याचं विष उकळूनही जात नाही आणि साध्या फिल्टरनेही नाही. अशा पाण्यात अंघोळही नको. वाहत्या ओढ्याचं पाणी घ्या, गाळून एक मिनिट खळखळ उकळा. पोकळ धाग्यांचा फिल्टर एकदा गोठला की आतून फुटतो आणि ते बाहेरून कळत नाही. म्हणून थंड रात्री तो झोपण्याच्या पिशवीत घ्या. दोन वस्त्यांमध्ये ३ लिटर पाणी जवळ असावं.

मुक्काम अगदी काठाला नको. रात्री थंड हवा उतरून तळ्याशी साचते आणि सकाळी तंबू भिजलेला निघतो. काठापासून १०-१५ मीटर उंचीवर, वारा लागेल अशी जागा निवडा. डासांना आणि चिलटांना वाऱ्यात उडता येत नाही. वर वाळलेली फांदी लटकत असेल तर तिच्याखाली तंबू नको. फिनलंड, स्वीडन, नॉर्वेत घरांपासून दूर एखादी रात्र तंबू ठोकता येतो. फिनलंडमध्ये शेकोटीला जमीनमालकाची परवानगी लागते आणि वणव्याचा इशारा असेल तेव्हा उघड्यावर आगच पेटवायची नसते. अशा मुक्कामासाठी छोटा गॅस स्टोव्ह सोयीचा.

झोपण्यापूर्वी अंगावर गोचीड आहे का ते बघा: गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, केसांच्या कडेला. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा. पिळू नका, तेल किंवा काडीची आच लावू नका. कुठे चावली ती जागा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं किंवा ताप आला, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.