लग्नाचा खर्च यादीच्या बैठकीतच आवरा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात लग्न ठरलं की आधी कार्यालय बघायची धावपळ होते, मग सोनं, मग कपडे. हिशोबाची वही उघडते ती पैसे संपत आल्यावर. बाजारात कितीही घासाघीस केली तरी वाचतात ते थोडेच. खरा खर्च ठरतो दोन ठिकाणी: सोयऱ्यांबरोबरच्या यादीच्या बैठकीत, म्हणजे कोणी काय करायचं ते लिहून घेतात तिथे, आणि आमंत्रणाच्या आकड्यात. म्हणून पुढचा सगळा क्रम त्या दोन गोष्टींभोवती लावला आहे.

१. यादीला बसण्याआधी घरात बसा

सोयरे यायच्या आधी एका संध्याकाळी घरातली मोठी माणसं आणि ज्याचं लग्न आहे तो मुलगा किंवा मुलगी, सगळ्यांनी एकत्र बसावं. हातात असलेला पैसा लिहावा: बँकेतली शिल्लक, मुदत संपत आलेली ठेव, भिशीचा नंबर लागणार असेल तर ती रक्कम. चिकोडी-निपाणीकडची कितीतरी लग्नं उसाच्या बिलावर ठरतात. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, मिळावी असा नियम आहे, पण बिल खात्यावर जमा होईपर्यंत ते वहीत धरू नका. मुहूर्त कारखान्यासाठी थांबत नाही.

आता कर्जाचं. हातउसने, महिना शेकडा दोन रुपये व्याजाने घेतलेले ३ लाख म्हणजे महिन्याला ६,००० रुपये व्याज, वर्षाला ७२,००० रुपये, आणि मुद्दल जागच्या जागी. हा ७२,००० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे. कर्ज घ्यावंच लागलं तर पतसंस्था किंवा बँकेत सोनं तारण ठेवून घेतलेलं बरं. आठवड्याच्या हप्त्याचं छोटं कर्ज लग्नासाठी घेऊ नये. वसुलीच्या जाचाला आळा घालायला कर्नाटक सरकारला २०२५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, यावरून काय ते समजा.

जमलेल्या रकमेतला दहावा हिस्सा बाजूला काढा आणि तो कोणालाही सांगू नका, सोयऱ्यांना तर नाहीच. शेवटच्या दोन दिवसांत डिझेल, दूध, पाण्याचे जार, आजारी पडलेला पाहुणा, असं काहीतरी निघतंच. उरलेल्या रकमेत लग्न बसवायचं.

२. यादी करताना आकडे लिहा

सुपारी फुटली, चहा-पोहे झाले, की कोणीतरी वडीलधारं माणूस कागद-पेन घेऊन बसतं. सगळ्यात महाग चुका याच तासात होतात, कारण दोन्हीकडची माणसं संकोचाने बोलत नाहीत. “रीतीप्रमाणे करू”, “तुमच्या मनाला येईल तसं” असं म्हणून विषय पुढे ढकलला जातो. मग लग्नाच्या आदल्या रात्री कोणाची तरी आत्या रुसते आणि बारा साड्यांच्या वीस होतात.

म्हणून प्रत्येक ओळीपुढे आकडा आणि नाव हवं. कार्यालय कोणाचं, जेवण कोणाचं, की दोघांत निम्मं-निम्मं? वरपक्षाकडून माणसं किती? मानाच्या साड्या किती आणि कोणाकोणाला? हळदीचं जेवण ज्याने त्याने आपल्या दारात करायचं की एकत्र? डॉल्बी लागणार का, आणि लागली तर पैसे कोण देणार? भटजींची दक्षिणा, फोटोवाला, वऱ्हाडाच्या गाड्या, परतणीचं जेवण, सगळं लिहा.

बोलायचं कसं, हाच प्रश्न असतो. मुलीच्या मामाने किंवा थोरल्या काकाने विषय काढला तर वाईट दिसत नाही. “पावणं, टॉवेल-टोपी मानाच्या पाचजणांनाच करूया, दोन्हीकडून सारखंच. बाकीच्यांना नारळ.” एवढं एक वाक्य दोन्ही घरांचे हजारो रुपये वाचवतं. ‘दोन्हीकडून सारखंच’ हे शब्द विसरू नका, त्यात कोणालाच कमीपणा राहत नाही. यादी झाल्यावर तिचा मोबाइलवर फोटो काढून दोन्ही घरांत ठेवा.

हुंड्याची ओळ या कागदावर येताच कामा नये. १९६१ च्या कायद्याने हुंडा देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, आणि “आम्ही काही मागत नाही, गाडी तेवढी बघा” हेसुद्धा मागणंच आहे. स्वखुशीने दिलेल्या वस्तूंची यादी करून ठेवावी असा १९८५ चा नियम आहे. कोणी काय दिलं, अंदाजे किंमत किती, हे लिहून वधूवरांनी सह्या कराव्यात. हा कागद मुलीजवळ असावा.

आणि जमत असेल तर यादीच्याच दिवशी लग्न उरका. ‘यादी पे शादी’ आपल्याकडे आणि कोल्हापूर भागात नवी नाही. दोन्हीकडची जवळची माणसं जमलेली असतात, भटजी येतात, मणी-मंगळसूत्र आणि हार-अक्षता तेवढ्या आणायच्या. अशी लग्नं केलेल्या घरांत पैसा शिल्लक राहिला, मुलाबाळांच्या शिक्षणाला लागला, शेताला पाइपलाइन झाली. गरज असलेल्यांनीच करायची गोष्ट म्हणून तिच्याकडे बघू नये. ऐपत असलेल्यांनी केली की बाकीच्यांना धीर येतो. नोंदणी पद्धतीचं लग्न हाही चांगला मार्ग आहे. विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात नोटिशीआधी निदान ३० दिवस मुक्काम हवा, एवढं ध्यानात ठेवून तारीख धरा.

३. आवतणाचा आकडा

घरात मागच्या लग्नांतली आहेराची वही असतेच. ट्रंकेतून ती काढा. त्यात कोणी किती आहेर केला यापेक्षा आज उपयोगाचं आहे ते हे की कोण कोण आलं होतं. त्या नावांपुढे तीन खुणा करा: ज्यांच्या घरी आपण गेल्या काही वर्षांत जेवून आलो ते, नात्याने टाळता न येणारे, आणि ओळखीपुरते. तिसऱ्या खुणेच्या माणसांना लग्नानंतर पेढे घेऊन घरी जा. त्याचा त्यांना जास्त आनंद होतो.

गावात खरा आकडा फुगतो तो चूलबंद आवतणाने, म्हणजे घरात चूल न पेटवता सगळ्यांनी जेवायला या अशा आमंत्रणाने. अख्ख्या गल्लीला चूलबंद सांगितलं की पत्रिका दोनशे आणि पानं हजार. चूलबंद सख्ख्या भावकीपुरतं ठेवा, बाकी गावाला घरटी एक माणूस सांगा. आवतण द्यायला जाणाऱ्याला हे नीट बजावून सांगावं लागतं, कारण दारात उभं राहिल्यावर तोंडातून “सगळ्यांनी या” हेच निघतं.

हिशोब करून बघा. समजा एक ताट १८० रुपयांना पडतं. हजार पानांचे १,८०,००० रुपये, सहाशे पानांचे १,०८,०००. फरक ७२,००० रुपयांचा. मघाशी काढलेलं वर्षाचं व्याज तेवढंच होतं. ताटातला एखादा पदार्थ कमी करून एवढा पैसा कधीच वाचणार नाही.

पत्रिका थोड्या छापा. घरच्या देवासाठी, भावकीतल्या मोठ्यांसाठी, मामा-मावशीसाठी छापील हवीच. सोयऱ्यांत कन्नड घरं असतील तर एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड अशी एकच पत्रिका करा. पुण्या-मुंबईच्या, गोव्याच्या माणसांना फोन करून मग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर चालते. पत्रिका देण्यासाठी दोन माणसं गाडी घेऊन तिकडे जातात, तेव्हा पेट्रोल आणि टोलमध्ये छपाईच्या कितीतरी पट जातात.

४. तारीख आणि जागा

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, मध्ये धनुर्मासात थांबतात, आणि वैशाखात शाळेच्या सुट्ट्या व लग्नं एकदमच येतात. त्या दिवसांत कार्यालय, आचारी, गाड्या, सगळ्यांचे दर चढलेले असतात. माघ-फाल्गुनातला मधल्या वाराचा मुहूर्त धरला तर दर बोलता येतो. दारात मांडव घालणार असाल तर एप्रिल-मे मध्ये वळवाचा पाऊस दुपारनंतर कधीही गाठतो, म्हणून कापडी मांडवाऐवजी पत्र्याचा घ्या. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांनी जूनचं लग्न दारात धरूच नये.

मुहूर्त दुपारचा बघा. गोरज मुहूर्त दिसायला छान, पण वऱ्हाड सकाळीच येऊन बसतं, म्हणजे नाश्ता, दुपारचं जेवण आणि पुन्हा रात्रीची पंगत.

कार्यालयाचं भाडं ऐकून हो म्हणू नका. वीज मीटरप्रमाणे वेगळी का, जनरेटरचं डिझेल कोणाचं, भांडी-गादीचे पैसे किती, खरकटं कोण उचलणार, जीएसटी धरून रक्कम किती, अनामत कधी परत, बाहेरचा आचारी चालतो का, हे विचारून पावतीवर लिहून घ्या. गावातल्या देवळाचा सभामंडप किंवा समाजाचं भवन मिळत असेल तर सगळ्यात उत्तम. देवाच्या दारातलं लग्न म्हटल्यावर कोणी नावं ठेवत नाही.

५. जेवण

इथे थोडं थांबतो, कारण पैसा आणि नाव दोन्ही इथेच जातात.

ताटाप्रमाणे केटरर द्यायचा की मजुरीवर आचारी लावून सामान आपण आणायचं? घरात बाजारहाट बघणारी दोन खमकी माणसं असतील तर दुसरा मार्ग स्वस्त पडतो. आचाऱ्याकडून आठ दिवस आधी सामानाची यादी घ्या आणि बेळगावात रविवार पेठेत दोन-तीन दुकानांत दाखवून दर काढा. उरलेलं बंद पाकीट परत घेणार का, हे दुकानदाराला आधीच विचारा. यादी तपासायला एक माप सांगतो: पुरी-चपाती असताना शंभर माणसांना ८ ते १० किलो तांदूळ पुरतात. आचारी यापेक्षा बराच जास्त मागत असेल तर कारण विचारा. गॅस १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच घ्या, घरगुती सिलिंडर तिथे वापरता येत नाही. माणसं नसतील तर मात्र केटररच बरा, पण ठरलेल्या पानांपेक्षा जास्त झाली तर दर काय, ते आधी बोला. पानं मोजायला आपला एक माणूस उभा करा.

पदार्थ कमी, पण ताजे. चार गोड पदार्थ ठेवले की चारही अर्धे टाकले जातात. आपल्याकडची खपली गव्हाची खीर बघा: गहू किंचित ओलवून सडायचे, कोंडा पाखडून काढायचा, मोठ्या पातेल्यात मऊ होईस्तोवर शिजवून गूळ घालायचा, वरून खोबरं, वेलची, जायफळ. त्यावर तुपाची धार पडली की पंगतीत माणूस दुसऱ्यांदा वाटी पुढे करतो. सोबत भात-आमटी, एक सुकी भाजी, पुरी, कोशिंबीर, मठ्ठा. एवढं जेवण कोणत्याही काउंटरच्या गर्दीला भारी आहे. बेळगावचे मांडे हवेतच, पण ते रुखवतापुरते आणि विहिणीच्या पंगतीपुरते सांगा.

जमेल तिथे पंगत धरा. वाढपी विचारून वाढतात, त्यामुळे पानात टाकलेलं कमी राहतं. गल्लीतली पोरं वाढायला उभी राहिली तर मजुरीही वाचते. त्यांना आधी जेवू घालायला विसरू नका.

६. सोनं, कपडे, गाड्या

सोन्याचं वजन यादीत ठरतं, खर्च मात्र घडणावळीत वाढतो. दोन-तीन सराफांकडे घडणावळीचा टक्का विचारा. बिलात सोन्याचा भाव, वजन, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी वेगवेगळं दिसलं पाहिजे. खडे असतील तर त्यांचं वजन सोन्यात धरलेलं नाही ना, ते बघा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. आजीचे जुने दागिने मोडायचे असतील तर घट किती धरणार हे मोडीआधी ठरवा. त्यातलं एखादं तसंच उजळून घातलं तर मोडीची वेळच येत नाही.

शालू एकदाच नेसला जातो. त्याऐवजी शहापूर-वडगावच्या विणकरांची चांगली साडी किंवा इरकल घ्यावी, ती पुढच्या दहा लग्नांत नेसता येते. आहेराच्या साड्या एकगठ्ठा घेणार असाल तर कोल्हापूरजवळच्या गांधीनगरचा होलसेल बाजार परवडतो, पण चार घरांनी मिळून गेलात तरच. नाहीतर जाण्यायेण्यात वाचलेलं जातं. आणि पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ छापलंत तर तुम्हीही परतीचे आहेर देऊ नका.

वऱ्हाडासाठी एसटीची किंवा आपल्या वायव्य कर्नाटक परिवहनची बस करारावर मिळते. चार जीपांपेक्षा ती बहुधा स्वस्त पडते. सीमा ओलांडणाऱ्या खासगी गाडीचा परवाना, कोगनोळी आणि हत्तरगीचा टोल, ड्रायव्हरचं जेवण, हे भाड्यात धरलंय का विचारा. लग्न कर्नाटकातच असेल तर शक्ती योजनेत राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास जून २०२३ पासून मोफत आहे. जवळच्या गावच्या मावश्या-काकवा आधार कार्ड घेऊन तशा आल्या तर एक गाडी कमी लागते.

डॉल्बीवर मी एक रुपयाही घालणार नाही. रात्री १० नंतर ती वाजवता येत नाही, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं, आणि गावातलं हलगी-झांज पथक तिच्यापेक्षा कमी पैशांत वरात रंगवतं. फोटोवाल्याला दिवस नव्हे, तास ठरवून द्या: हळदीचा एक, लग्नाचे चार.

७. लग्न झाल्यावर आठ दिवसांत

मंडपवाला, आचारी, गाडीवाला, सगळ्यांची बिलं आठवड्याच्या आत भागवा आणि पावत्या वहीत चिकटवा. कार्यालयाची अनामत स्वतः जाऊन आणा, ती फोनवर मिळत नाही. आहेराच्या पाकिटांची नोंद दोघांनी बसून करावी, एकाने वाचावं, एकाने लिहावं. आणि पाहुणे पांगायच्या आत विवाह नोंदणी करून घ्या. उपनिबंधक कार्यालयात पत्रिका, लग्नाचा फोटो, वयाचे आणि पत्त्याचे दाखले आणि साक्षीदार लागतात. नवरी सीमेपलीकडे सासरी गेल्यावर पासपोर्ट, बँक, रेशन कार्ड, सगळीकडे हाच दाखला मागतात, आणि तेव्हा साक्षीदार गोळा करायला पुन्हा गाडी करावी लागते.