हार्ड क्रोमच्या टाकीवरची वाफ नाकात जाऊ नये म्हणून

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या भागांत हायड्रॉलिकचे रॉड हार्ड क्रोम करून (म्हणजे विजेवर क्रोमचा कठीण थर चढवून) घेणं रोजचंच. टाकीवरचा माणूस ॲसिड अंगावर उडू नये म्हणून जपतो, पण कॅन्सर येतो श्वासावाटे. टाकीत लिटरमागे साधारण २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड, २.५ ग्रॅम सल्फ्युरिक, तापमान ५०-५५ अंश. करंटपैकी जेमतेम १०-२० टक्के क्रोम बसवण्यात जातो. बाकीच्याने हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे होतात, वर येऊन फुटतात आणि ॲसिडचा बारीक तुषार हवेत सोडतात.

त्यातलं क्रोमियम-६ (क्रोमिक ॲसिडमधलं क्रोमियमचं रूप) सल्फेटसारखं असल्यामुळे पेशी ते बिनदिक्कत आत घेते. आत त्याचं क्रोमियम-३ होताना डीएनए बिघडतो. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये त्याला खात्रीच्या कर्करोगकारकांत घातलं.

म्हणून आधी टाकीच्या काठाचं सक्शन बघा. करंट बंद करा, ब्लोअर दहा मिनिटं चालवा (हायड्रोजन निघून गेला पाहिजे), मग टाकीच्या मध्यावर अगरबत्ती धरा. धूर काठाच्या फटीकडे ओढला गेला पाहिजे. सरळ वर गेला तर फटीत नारिंगी खडे साचलेत, नाहीतर बेल्ट ढिला आहे. उन्हाळ्यात शेजारी लावलेला पेडेस्टल फॅन तर सगळं सक्शन वाया घालवतो. तो आधी हलवा.

टाकीत तरंगणारे प्लॅस्टिकचे गोळे तुषार दाबायला मदत करतात, पण रॉड सोडताना बाजूला सरकतात. फेसाची औषधं जपून वापरा: फेसाखाली हायड्रोजन अडकतो आणि ढिल्या हँगरची ठिणगी पडली की भडका उडतो.

रुमाल किंवा सर्जिकल मास्क इथे निरुपयोगी. पी-१०० (बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरचा हाफ-फेस मास्क हवा, तोही दाढी करून, नाहीतर कडेने हवा शिरते. टाकीजवळ तंबाखू मळू नका. कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका.

सांडलेलं पाणी नुसतं गटारात सोडायचं नाही. पीएच २-३ वर आणून सोडियम मेटाबायसल्फाइट घाला, एक किलो क्रोमियम-६ ला सुमारे पावणेतीन किलो. पिवळा रंग हिरवा झाला की चुन्याने पीएच ८.५ करा आणि गाळ वेगळा काढा. हे उघड्यावर करा, गॅस सुटतो.

वारंवार घोळणा फुटतो, नाकात खपल्या धरतात, हाताला न दुखणारी खोल जखम होते? ईएसआयच्या डॉक्टरांना 'कंपनीत आहे' एवढंच सांगू नका, 'क्रोमच्या टाकीवर आहे' असं केसपेपरवर लिहून घ्या. क्रोमचा अल्सर कायद्याने कळवायच्या आजारांत येतो.