बॉनेट उघडा, पण इंजिन थंड झाल्यावर: नवशिक्यांसाठी गाडीची घरगुती देखभाल

ड्रायव्हिंगच्या क्लासात क्लच शिकवतात, गिअर शिकवतात, पण बॉनेटचा खटका कुठे असतो हे बहुतेक कुणी दाखवत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्यांनीसुद्धा आपल्या गाडीचं बॉनेट कधी स्वतः उघडलेलं नसतं. खरं तर घरी जे करायचं ते नव्वद टक्के नुसतं बघण्याचं काम आहे. आज ऑइल कुठवर आहे ते एकदा पाहून फार काही कळत नाही. मागच्या महिन्यात कुठवर होतं ते माहीत असेल तर कळतं. म्हणून हत्यारांच्या आधी एक छोटी वही घ्या आणि तारीख, किलोमीटर, काय पाहिलं हे लिहायला लागा. डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेली गाडीची पुस्तिकाही बाहेर काढा. खाली दिलेले आकडे आणि त्या पुस्तिकेतले आकडे जुळले नाहीत, तर पुस्तिकेचं ऐका.

बाकी सामान थोडंच लागतं: जुनं सुती कापड, टॉर्च, हातमोजे, हवा मोजायचा गेज आणि १० नंबरचा पाना. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करून गार होऊ द्या.

१. टायरची हवा

सुरुवात इथूनच करा. हवा टायर गार असताना मोजायची, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो, आपण हवा सोडून देतो आणि सकाळी टायर बसलेला असतो. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर असतं. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तेवढी हवा भरायची नसते. ही चूक फार जण करतात.

व्हॉल्व्हची टोपी काढा (खिशात ठेवा, हमखास हरवते), गेज सरळ दाबा. सुरुवातीला ‘फुस्स’ आवाज येईल; आवाज थांबला की आकडा खरा. चारही चाकांचे आकडे वहीत लिहा. बाहेरचं तापमान साधारण ५-६ अंश सेल्सिअसने उतरलं की दाब एक पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी होतो, त्यामुळे थंडीत चारही टायर सारखेच उतरले तर घाबरू नका. एकच टायर दर वेळी मागे पडत असेल, तर बारीक पंक्चर किंवा गळका व्हॉल्व्ह आहे असं समजा. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडा, फुगे आले तर चोर सापडला.

खाली वाकलाच आहात तर टायरची झीजही बघा. दोन्ही कडा जास्त झिजल्या असतील तर हवा कमी राहते आहे, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त, आणि एकाच बाजूची कड गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन सरळ करून घ्यायची वेळ झाली. खाचांच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की खाच १.६ मिलिमीटर उरलेली असते आणि टायर बदलावाच लागतो. टायर किती जुना ते त्याच्या बाजूवर कळतं: ‘डीओटी’ अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार अंक २३१९ असतील, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला.

२. इंजिन ऑइल

इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर चढलेलं ऑइल खाली निथळतं. बहुधा पिवळ्या किंवा नारिंगी कडीची डिपस्टिक असते, ती ओढा. पहिल्यांदा बाहेर येते तेव्हा ती वरपासून माखलेली असते, त्यावरून काही कळत नाही. कापडाने स्वच्छ पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, परत काढा आणि आडवी धरा. ऑइलची ओली कड कमाल आणि किमान या दोन खुणांच्या मध्ये दिसली पाहिजे. काही नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. तिथे पातळी स्क्रीनवर दिसते.

रंग काळा दिसला म्हणून लगेच ऑइल बदलायला धावू नका, डिझेल गाडीत ते लवकरच काळं होतं. पण दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर गाडी सुरू करू नका. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता असते, आणि ते मेकॅनिकचं काम आहे.

पातळी कमी असेल तर पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल, उदाहरणार्थ ५डब्ल्यू-३०, थोडं थोडं ओता आणि दर वेळी मोजा. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमध्ये सुमारे एक लिटरचं अंतर असतं. जास्त झालेलं ऑइल कमी ऑइलइतकंच त्रासाचं: क्रँकशाफ्ट (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) ते घुसळतो, फेस होतो आणि वंगण नीट होत नाही. ऑइल पूर्ण बदलणं मात्र सुरुवातीला घरी करू नये असं माझं मत आहे. गाडीखाली शिरावं लागतं आणि काढलेल्या ऑइलची विल्हेवाट हा वेगळाच उपद्व्याप होतो.

३. कूलंट आणि ब्रेक ऑइल

दोन्ही टाक्या अर्धपारदर्शक असतात, पातळी बाहेरूनच दिसते. गरम इंजिनवर रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो, उकळतं कूलंट थेट चेहऱ्यावर येतं. भर घालायची असेल तर त्याच प्रकारचं कूलंट, पाणी मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड. सांडलेलं लगेच पुसा, ते चवीला गोडसर आणि विषारी असतं आणि कुत्र्या-मांजरांना त्याचा मोह पडतो.

ब्रेकचे पॅड झिजतात तशी ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू उतरते. म्हणून नुसती भर घालून मोकळं होऊ नका, आधी पॅड तपासून घ्या. पातळी एकदम खाली गेली असेल तर गळती आहे. गाडी रस्त्यावर काढू नका.

४. बॅटरी

टर्मिनलवर पांढरट-निळसर पूड जमली असेल तर सकाळी गाडी कुरकुरत सुरू होते. पूड साफ करायची तर आधी ऋण टर्मिनल सोडवा, मग धन. बसवताना आधी धन, शेवटी ऋण. कारण साधं आहे: ऋण टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं. ते तसंच ठेवून धन टर्मिनल सोडवताना पाना पत्र्याला टेकला की शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात. खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, वरून थोडं पेट्रोलियम जेली लावा. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं छोटं यंत्र) असेल तर रात्रभर उभ्या गाडीच्या साध्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. इंजिन चालू असताना साधारण १४. चालू असूनही १२ च्या आसपासच राहिले तर दोष बहुधा अल्टरनेटरकडे, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राकडे असतो.

५. फिल्टर आणि वायपर

एअर फिल्टरचा डबा क्लिपांनी किंवा स्क्रूंनी बंद असतो. फिल्टर काढून उजेडासमोर धरा. घड्यांमधून उजेड दिसेना तर नवा घाला. एसीचा फिल्टर बहुधा समोरच्या कप्प्यामागे असतो. त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवायचा, आणि जुना काढतानाच त्याचा फोटो काढून ठेवायचा.

वायपर काचेवर रेघा सोडायला लागला की पट्टी बदला. दोन मिनिटांचं काम, पण इथे मी स्वतः आपटलो आहे. पट्टी काढून झाली आणि उभा केलेला दांडा तसाच सोडून मी नवी पट्टी आणायला वळलो. स्प्रिंगने दांडा खाली आला, ‘टक्क’ असा आवाज झाला, आणि काचेवर कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तडा. तेव्हापासून आधी काचेवर जाड टॉवेल पसरतो.

६. स्टेपनी

हवा मोजताना पाचवं चाक विसरलं जातं. लहान आकाराची स्टेपनी असेल तर तिच्यात बऱ्याचदा ६० पीएसआय हवा लागते. आकडा तिच्यावरच लिहिलेला असतो.

चाक बदलायचा एकदा दारातच सराव करा. गाडी जमिनीवर असतानाच प्रत्येक नट पान्याने थोडा सैल करून पुन्हा आवळा. मशीनने आवळलेला नट हाताने हलतो की नाही ते घरीच कळेल. प्रत्यक्ष चाक बदलतानाही आधी नट सैल करायचे, मग जॅक लावायचा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. नवं चाक बसलं की नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि साधारण ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा.