बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन: घ्यायला जायच्या आधी काय काय बघून ठेवायचं

बहुतेक लोक आधी फॅन आणतात आणि मग तो घेऊन भिंतीकडे बघत बसतात. उलटं करा. आधी बाथरूममधली हवा बाहेर कुठून जाणार आणि आत कुठून येणार हे नक्की करायचं, मग फॅनचा साईज आपोआप ठरतो.

तर पहिलं काम म्हणजे मेजर टेप घेऊन बाथरूमची लांबी, रुंदी, उंची फुटात मोजायची आणि तिन्हीचा गुणाकार करायचा. तासाला निदान 8 वेळा आतली सगळी हवा बदलली पाहिजे असा साधारण हिशोब धरतात, म्हणून त्या आकड्याला 8 ने गुणून 60 ने भागायचं, आलं ते सीएफएम, म्हणजे फॅनने मिनिटाला किती घनफूट हवा बाहेर टाकायची तो आकडा. उदाहरणार्थ 8 बाय 6 ची खोली आणि छत 8 फुटांवर, म्हणजे 384 घनफूट, हिशोब येतो 51 सीएफएम. खोली याहून लहान असली तरी 50 च्या खाली जाऊ नका. काही बॉक्सवर आकडा घनमीटर प्रति तास असा असतो, तेव्हा सीएफएमला 1.7 ने गुणा, 51 चे साधारण 87 होतात. आणि बॉक्सवरचा आकडा पुष्कळदा पुढे पाईप, जाळी काहीच नसताना मोजलेला असतो, त्यामुळे थोडा वरचा साईज घेतलेला बरा.

आता भोक, इथे जरा वेळ काढा. बाथरूमची एखादी भिंत थेट बाहेरची असेल तर प्रश्नच मिटला, साधा पात्यांचा फॅन त्या भिंतीत बसतो, नाहीतर खिडकीच्या एका तावदानाच्या जागी. पण हवा पाईपातून लांब न्यायची असेल, त्यात दोन-तीन वळणं असतील, तर हा साधा फॅन दमतो, गरगर फिरतो पण पलीकडच्या टोकाला हवा येतच नाही. तिथे सेंट्रिफ्युगल (हवा जोराने ढकलणारा, ब्लोअरसारखा) किंवा पाईपाच्या मधे बसणारा इनलाईन फॅन लागतो. पाईप शक्यतो कडक आणि गुळगुळीत घ्या, तो अकॉर्डियनसारखा चुण्यांचा पाईप घ्यावाच लागला तर पूर्ण ताणून लावा कारण त्या चुण्यांतच हवा अडते. पाईपाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवाच, नाहीतर आत वाफेचं पाणी होतं आणि ते ठिबकत फॅनच्या मोटरवर येतं. आणि कोणी कितीही सांगितलं तरी पाईपाचं तोंड फॉल्स सिलिंगच्या वर मोकळं सोडू देऊ नका, बाथरूमची ओल तिथे नेऊन ठेवल्यासारखं होतं, दिसत नाही एवढंच, मग बुरशी धरते.

भोक पाडायच्या आधी भिंतीत पाण्याची लाईन किंवा वायरिंगचा पाईप कुठून गेलाय ते शोधून पेन्सिलने खूण करा. बीम आणि कॉलमला हात लावायचा नाही, विषय संपला. भिंतीची जाडीही मोजून लिहून ठेवा, फॅनसोबत आलेला पाईप तेवढा पुरतो का ते बघायला लागतं. जागा शक्यतो छताजवळ, शॉवरच्या बाजूला आणि दारापासून लांब. फॅनच्या शेजारीच उघडी खिडकी असेल तर तो त्याच खिडकीतली हवा ओढून बाहेर फेकत बसतो आणि आरसा आहे तसाच धुरकट.

हवा आत कुठून येणार हे तर हमखास विसरलं जातं. 4 इंची पाइपाचं तोंड साधारण 80 चौरस सेंटिमीटरचं, आणि 70 सेंटिमीटर रुंद दाराखाली 1 सेंटिमीटर फट असेल तर ती झाली फक्त 70, म्हणजे तेवढी फट कमीच पडते, दीड-दोन सेंटिमीटर ठेवा किंवा दाराला खाली जाळी बसवून घ्या.

आता मात्र सगळ्यात महत्त्वाचं. आत किंवा लगत चिमणीतून धूर बाहेर सोडणारा गॅस गिझर असेल तर थांबा. फॅन हवा ओढतो तेव्हा गिझरचा धूर चिमणीतून उलटा आत येऊ शकतो, त्यात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. अशा ठिकाणी जाणकाराला दाखवल्याशिवाय फॅन लावूच नका.

फॅन निवडताना बॉडी प्लास्टिकची चालते, उलट पत्र्याची ओलीत गंजते. मोटर बॉल बेअरिंगची असेल तर चांगलं, आयपीएक्स4 लिहिलंय का बघा, म्हणजे पाण्याचे शिंतोडे उडाले तरी चालतं. शॉवरच्या अगदी वरच लावायचा असेल तर 12 व्होल्टचा घ्या, त्याचा ट्रान्सफॉर्मर बाथरूमच्या बाहेर राहतो. उलट्या वाऱ्याने पाऊस आणि वास आत येऊ नये म्हणून मागे झडप हवी. आवाज सोन या मापात लिहिलेला असतो, जितका कमी तितकं शांत, आणि हे ऐषारामाचं वाटेल पण घरघर करणारा फॅन घरातले लोक चालूच करत नाहीत. टायमरवाला घेतलात तर उत्तमच, आंघोळीनंतरही तो 15-20 मिनिटं चालायला पाहिजे आणि तेवढं लक्षात ठेवून बंद करायला कोणी परत येत नाही. फक्त त्याला न्यूट्रलसोबत फेजच्या दोन वायरी लागतात, एक कायम चालू आणि एक स्विचमधून आलेली, म्हणून टायमरचं आधीच वायरमनला सांगा, टाईल्स लागून गेल्यावर नाही.

बसवायच्या दिवशी ड्रिल, कोअर कटर (गोल भोक पाडायचा), लेव्हल, स्क्रूसाठी भिंतीत ठोकायचे प्लग, स्क्रू, सिलिकॉन, टेस्टर आणि खाली अंथरायला जुनी चादर काढून ठेवा. भोक फॅनच्या नळीपेक्षा थोडं मोठं आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडा. मेन बंद केल्यावरही वायरला टेस्टर लावून बघा. वायर जोडायचं काम इलेक्ट्रिशियनलाच द्या. बाहेरच्या जाळीभोवती सिलिकॉन भरताना खालची कड मोकळी सोडा, पाणी शिरलंच तर निघायला वाट राहते. आतली जाळी मात्र अशी बसवा की ती हाताने काढता येईल, धूळ साचली की हीच जाळी सगळी हवा अडवते.

शेवटी दार लावून फॅन चालू करा आणि टिश्यू पेपरचा एक तुकडा जाळीला लावून बघा. चिकटून राहिला तर ठीक. पडला तर आधी दार थोडं उघडून परत बघा, आता चिकटला तर खालची फट कमी आहे, तरीही पडला तर बाहेर जाऊन झडप पूर्ण उघडते का ते बघायचं.