टॉवरमध्ये फ्लॅट बघायला गेलात की आधी बेसमेंटमध्ये उतरा

बडोद्यात सेवासी, भायली, गोत्री, जिकडे बघाल तिकडे टॉवर उभे राहिलेत, आणि दांडिया बाजार-रावपुऱ्यातली जुनी घरं सोडून आपलीच माणसं तिकडे फ्लॅट बघायला जातात आणि बघतात काय तर सॅम्पल हाउस. इटालियन मार्बल, लॉबीतलं कारंजं, स्विमिंग पूल, झालं, टोकन देऊन मोकळे. अहो, उंच बिल्डिंगमध्ये तुमचं राहणं सुखाचं होणार की नाही हे फ्लॅटमध्ये ठरतच नाही, ते ठरतं पंपरूममध्ये, इलेक्ट्रिक पॅनलपाशी, लिफ्टमध्ये आणि पाइप जातात त्या डक्टमध्ये. म्हणून सेल्सवाला वर न्यायला निघाला की त्याला सांगायचं, भाई, आधी खाली चल.

खाली काय बघायचं? ऑगस्ट २०२४ आठवतोय ना, विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५-२६ फूट आणि पाणी गेलं ३५ च्याही वर, समा, अकोटा, मुजमहुडा, वडसर सगळं पाण्यात. अशा वेळी बेसमेंट भरतं आणि पॅनल, पंप, जनरेटर सगळं तिथेच असलं तर बाराव्या मजल्यावरचा माणूस कोरडा ठणठणीत बसून असतो पण वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही, आणि लिफ्ट तर विसराच. तेव्हा पहिला प्रश्न हा, की मेन पॅनल आणि डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, कुठल्या लेव्हलला आहेत, जमिनीच्या वर उंच ओट्यावर की खाली. दुसरा, पाणी उपसायचा पंप डीजीवर चालतो का, आणि तो डीजीच खाली बुडणार असेल तर मग त्याचा उपयोग काय. तिसरा प्रश्न कोणीच विचारत नाही, जमिनीखालच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं झाकण. ते बेसमेंटच्या फरशीच्या लेव्हललाच असेल तर पुराचं घाण पाणी सरळ टाकीत. झाकण उंच कठड्यावर आणि घट्ट बसणारं पाहिजे. आणि पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं हे बिल्डरला विचारू नका, समोरच्या पानाच्या गल्ल्यावाल्याला विचारा, तो हात करून दाखवेल. (गाडी बेसमेंटमध्येच ठेवणार असाल तर विम्यात इंजिनचं वेगळं कव्हर घ्या, आणि पाण्यात बुडलेल्या गाडीला चुकूनही स्टार्टर मारायचा नाही.)

मग पाण्याचं प्रेशर. साधा हिशोब आहे, १० मीटर उंचीला साधारण १ बार. गच्चीवरची टाकी ७० मीटरवर असेल आणि सरळ एकच पाइप खाली आला असेल तर खालच्या मजल्याला ७ बारच्या आसपास प्रेशर येणार, घरातल्या नळाला २-३ बार पुष्कळ होतात, बाकीचं प्रेशर तुमच्या गीझरचे आणि फ्लशचे वॉशर खातं आणि एक दिवस जॉइंट सुटतो. म्हणून मध्ये प्रेशर कमी करणारे व्हॉल्व्ह लावतात, पीआरव्ही म्हणतात त्याला, किंवा मजल्यांचे झोन पाडून मध्ये टाक्या देतात. डक्टचं दार उघडायला लावा आणि तो पीआरव्ही दाखव म्हणा, प्रेशरच्या मीटरसकट. वरच्या मजल्यांचं उलट असतं, टाकी डोक्यावरच म्हणून शॉवर रडतो, तिथे बूस्टर पंप पाहिजे. मग शेवटच्या मजल्याचं पेंटहाउस घेणाऱ्याने शॉवर चालू करून बघायचा नाही तर कोणी बघायचा!

हे सगळं आपल्याकडचेच बिल्डर करतात असं वाटत असेल तर न्यूयॉर्कचा ४३२ पार्क ॲव्हेन्यू बघा. १३९६ फूट उंच, २०१५ ला पूर्ण झालेला, जगातल्या महागड्या टॉवरांपैकी एक, आणि तिथेही २०१८ मध्ये चार दिवसांच्या अंतराने दोनदा वरच्या मजल्यांवर पाण्याच्या लाइनी गळल्या, पाणी लिफ्टच्या शाफ्टमध्ये गेलं आणि लिफ्टा बंद पडल्या. वारा सुटला की भिंती करकरतात, कचऱ्याच्या शूटमधून पिशवी खाली पडली की बाँब फुटल्यासारखा आवाज, अशा रहिवाशांच्या तक्रारी. शेवटी २०२१ मध्ये तिथल्या कमिटीने बिल्डरवर १२५ मिलियन डॉलरचा दावा ठोकला. त्यांचं म्हणणं असं होतं की इंजिनिअरकडून तपासून घेतलं तर वीज, पाणी, मेकॅनिकलचं बरंचसं काम ड्रॉइंगप्रमाणे झालेलंच नाहीये. आपण शिकायचं ते इथेच, ड्रॉइंग मागा. मंजुरीचं नाही, प्रत्यक्षात जसं बांधलं तसं, ॲज-बिल्ट ड्रॉइंग. सात वर्षांनी बाथरूममागची भिंत फोडायची वेळ येते तेव्हा पाइप कुठून गेलाय हे फक्त तोच कागद सांगतो, प्लंबर अंदाजाने चार ठिकाणी फोडतो.

लिफ्टचं थोडक्यात. लिफ्टच्या लायसन्सची तारीख बघा, गुजरातमध्ये लिफ्टचा वेगळा कायदा आहे २००० सालचा. एका मजल्यावर चार फ्लॅट, वीस मजले आणि लिफ्टा दोन, तर सकाळी शाळेच्या वेळी काय होणार ते तुम्हीच गणित करा. एका लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का बघा, घरात आजी-आजोबा असतील तर हे स्विमिंग पूलपेक्षा महत्त्वाचं. मेन स्विच पाडून दाखवा म्हणा, लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडलं पाहिजे.

फायरचं एनओसी चालू आहे का, आणि रिफ्यूज एरिया, म्हणजे आग लागली तर लोकांनी थांबायची जागा, मोकळा आहे का हे डोळ्यांनी बघायचं. बऱ्याच ठिकाणी तिथे सायकली, जुने सोफे आणि नवरात्रीच्या मांडवाचं सामान भरलेलं असतं.

आता वर चला फ्लॅटमध्ये. शक्यतो पावसाळ्यात जा, नैऋत्येचा वारा आणि पाऊस एकदम आला की पंधराव्या मजल्यावरच्या स्लायडिंग खिडक्यांचं खरं रूप कळतं. पाऊस नसेल तर बाहेरून होजपाइपने पाणी मारायला लावा आणि आत खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांना हात लावून बघा. बाथरूमचा ट्रॅप बंद करून पाणी भरून ठेवा, निदान २४ तास, आणि मग खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा, तुमच्या फ्लॅटचं नाही, खालच्याचं. टाइल्सवर नाण्याने ठोका, पोकळ आवाज आला तर खडूने खूण करून फोटो काढा. पश्चिमेला पूर्ण काच असेल तर मे महिन्यात एसीचं बिल किती येईल याचा विचार आत्ताच करा, व्ह्यू छान दिसतो वगैरे सगळं खरं, पण संध्याकाळी पाचला त्या हॉलमध्ये उभं राहून बघा.

कागद. बीयू परमिशन, म्हणजे बिल्डिंग वापरायची परवानगी, आल्याशिवाय राहायला जाऊ नका, सेल्सवाला "थई जशे साहेब" म्हणेल, म्हणू दे. रजिस्टर बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घ्यायचा त्यांना अधिकार नाही. भाव सुपर बिल्टअपवर, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून, सांगतात, तुम्ही रेराच्या (बिल्डरांवरच्या कायद्याच्या) कार्पेट एरियावर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर, भागाकार करून बघा, दर एकदम वेगळा दिसतो. मेन्टेनन्स महिना ७५०० च्या वर गेलं आणि सोसायटीची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर असली की १८ टक्के जीएसटी लागतो, हे धरून बजेट करा, कारण क्लब हाउस आणि पूल तुम्ही वापरा न वापरा, बिल येणारच.

पझेशन घेताना तारीख असलेलं पत्र हातात घ्या, कारण रेरा कायद्याच्या कलम १४ मधली ५ वर्षं तिथून मोजतात. स्ट्रक्चर, कामाची क्वालिटी, सर्व्हिसेस, यातलं काहीही त्या मुदतीत बिघडलं आणि तुम्ही कळवलं की बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचं असतं. पण कळवायचं म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर रागाचे इमोजी टाकायचे नाहीत, ईमेल आणि रजिस्टर एडी, फोटो, तारीख, फ्लॅट नंबर सगळं त्यात. डक्ट, गच्ची, बेसमेंट यांच्या तक्रारी एकट्याने न करता सोसायटीच्या लेटरहेडवर जाऊ देत. सोसायटी झाली की कॉमन एरियाचे प्लॅन आणि कागद बिल्डरने द्यायचे असतात, तेही लेखी मागून ठेवा. पहिल्या पावसाळ्यानंतर कमिटीने स्वतःचा एक इंजिनिअर लावून गच्चीपासून पंपरूमपर्यंत रिपोर्ट करून घ्यावा, घरटी थोडेच पैसे पडतात, पण कमिटीतले लोक म्हणतात की अजून नवीनच तर आहे बिल्डिंग, आणि बघता बघता पाचवं वर्ष उजाडतं. दिवाळीच्या मीटिंगमध्येच हा विषय अजेंड्यावर घ्यायला लावा, आणि ३० दिवसांत काही हललं नाही तर तोच रिपोर्ट जोडून गुजरेराकडे, म्हणजे गुजरातच्या रेरा प्राधिकरणाकडे, तक्रार टाका.